शेरा : तक्रार नाही

माझा पोटापाण्याचा धंदा वस्तू मोडण्याचा होता. स्टुटगार्टला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या चाचणी विभागात मी एकतीस वर्षं काढली. नवीन भाग आला की तो थरथरणाऱ्या टेबलावर करकचून आवळायचा आणि हलवत राहायचा. एक तर तो मोडायचा, नाही तर हा काही मोडत नाही हे मी कबूल करायची. मग अहवालाच्या तळाशी शेरा लिहायचा. आमच्याकडचा सर्वांत वरचा शेरा होता ‘ओने बेआनश्टांडुंग’, म्हणजे तक्रार नाही. याच्या वरचा शेराच नव्हता. तो मिळाला की डिझाइनवाले दुसऱ्या दिवशी विभागात केक आणत.

पण आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंना यात रस नाही. त्या म्हणाल्या, “ते नको हो ताई. तुम्ही कॉलेजच्या मुलांच्या मुलाखती घेता ना, त्याबद्दल लिहा. पालक तुटून पडतील.” पडोत बापडे. मात्र मुलाला अमेरिकेत कसं घुसवायचं याची युक्ती यात नाही, हे आधीच सांगून ठेवते. मला ती ठाऊक असती तर मी केव्हाच क्लास काढला असता.

हे काम काय असतं ते आधी सांगते. जर्मनीला येण्यापूर्वी मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एमएस केलं. नाव सांगत नाही, तसा नियमच आहे. या विद्यापीठाला पदवीसाठी जगभरातून अर्ज येतात आणि एवढ्या मुलांना बोलावून घेणं त्यांना शक्य नसतं. म्हणून ते गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांना सांगतात, तुमच्या भागातली चार-सहा मुलं बघा आणि कशी वाटली ते कळवा. हे फुकटचं काम. दर वर्षी पानं गळायला लागली की मला नावांची यादी येते. त्यात नाव, शाळा आणि ईमेल एवढंच. मार्क नाहीत, निबंध नाहीत, आईबाप काय करतात तेही नाही. मग कॉफीच्या दुकानात किंवा लायब्ररीत भेटायचं, पाऊणएक तास बोलायचं आणि पानभर अहवाल पाठवायचा. घरी बोलवायचं नाही. कुणाकडून काही घ्यायचं नाही. ओळखीचं मूल निघालं तर आपण बाजूला व्हायचं. पुढे मार्चअखेर निकाल लागतो आणि आपल्या यादीपुढे हो किंवा नाही उमटतं. बहुतेक वेळा नाहीच. फ्रँकफर्टपासून खाली स्वित्झर्लंडच्या हद्दीवरच्या सरोवरापर्यंतचा पट्टा माझ्याकडे, त्याला आता वीसेक वर्षं झाली.

या वीस वर्षांत नमुने काय थोडे बघितले? वाल्डॉर्फच्या एका मुलाची मुलाखत व्हिडिओवर होती. बाप सॉफ्टवेअरमधला, आपल्याकडचाच. प्रश्न विचारला की मुलाचे डोळे लॅपटॉपच्या डावीकडे जायचे आणि मग उत्तर यायचं, तेही अगदी छापील. चौथ्या प्रश्नाला माझं लक्ष त्याच्या चष्म्याकडे गेलं. काचेत एक माणूस उकिडवा बसून मोठमोठ्या अक्षरांतले कागद वर धरत होता. मी मराठीत म्हटलं, “बाळ, बाबांना खुर्ची दे. पाठ धरेल त्यांची.” कागद खाली गेले. मग मुलगा मोकळेपणाने बोलला आणि बापाच्या कागदांपेक्षा कितीतरी बरं बोलला.

दुसरी एक मुलगी आली ती वही उघडूनच बसली आणि तिने मलाच विचारलं, “माझी मुलाखत घेण्यासाठी तुमची पात्रता काय?” मी सांगितली. तिने लिहून घेतली आणि म्हणाली, “गुट. चालेल.” मला ती फार आवडली.

या कामाचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. कुणाच्या बापाचा हुद्दा बघून माझा शेरा कधी हलला नाही. फुलवून सांगणारी मुलं मी पाच मिनिटांत ओळखते आणि गप्प बसणारी उकलायला मला वेळ लागला तरी कंटाळा येत नाही. माझे यजमान योखेन म्हणजे अस्सल श्वाबिश, स्टुटगार्टच्या डोंगरांत वाढलेला माणूस. तो म्हणतो, “तू माणसांनाही टेबलावर आवळतेस.” आवळते. पण मोडत नाही.

निदान अशी माझी समजूत होती.

गप्प बसणाऱ्यांचा मुकुटमणी म्हणजे योनास. स्टुटगार्टच्या दक्षिणेला पठारावर एक गाव आहे, तिथला शेतकऱ्याचा मुलगा. भौतिकशास्त्र शिकायचं म्हणत होता. मी विचारलं, “शाळेबाहेर काय करतोस?”

“विशेष काही नाही.”

“तरी?”

“एक घड्याळ आहे.”

पुढची वीस मिनिटं त्या घड्याळाला मी चिमट्याने ओढून बाहेर काढलं. गावातल्या चर्चच्या मनोऱ्यात किल्लीचं जुनं घड्याळ होतं. किल्ली देणारे म्हातारेबाबा वारले, नवीन माणूस मिळेना, म्हणून हा तेराव्या वर्षापासून दर शनिवारी वर चढून किल्ली देत होता. पण थंडीत घड्याळ पुढे का जातं आणि उन्हाळ्यात मागे का पडतं, हे त्याला छळायला लागलं. मग त्याने वही घातली. तारीख, मनोऱ्यातलं तापमान, घड्याळ किती सेकंद चुकलं. लंबक थंडीने आखडतो हे पुस्तकात वाचण्याआधी त्याने ते वहीतून काढलं होतं. मग लंबकावर ऋतूप्रमाणे बारकी वजनं ठेवून त्याने ते घड्याळ वठणीवर आणलं. हे सगळं तो खाली मान घालून, चोरी कबूल केल्यासारखं सांगत होता.

“गावातले लोक काय म्हणतात?” मी विचारलं.

“काही नाही. कुणी तक्रार केलेली नाही.”

मला तर त्याला मिठी मारावीशी वाटली. अर्थात मारली नाही. चेहऱ्यावरही काही दिसू दिलं नाही. घरी येऊन अहवाल लिहिला. घड्याळाची हकिगत एका ओळीत दिली आणि तिच्या आगेमागे माझा शेरा इंग्रजीत मांडला : भक्कम मुलगा. तक्रार नाही. इतका वरचा शेरा मी तोवर फार थोड्यांना दिला होता. मार्चमध्ये त्याच्या नावापुढे ‘नाही’ आलं. वाईट वाटलं, पण बहुतेकांना नाहीच येतं, असं म्हणून मी पुढच्या यादीला लागले.

त्यानंतर दोन वर्षांनी यादीत सानिकाचं नाव आलं. आडनावावरून मराठी. मंडळात आधी विचारून घेतलं; आमची ओळख नाही, नातं नाही. ती र्युसेल्सहाइमची, वडील तिथल्या मोटारींच्या कारखान्यात. आम्ही मधलं गाव म्हणून मानहाइम ठरवलं आणि स्टेशनजवळच्या बेकरीत भेटलो. आपल्या माणसांची मुलाखत घेताना मी जरा जास्तच ताठ असते, हे कबूल करते. उद्या कुणी म्हणायला नको की आपल्यातली म्हणून झुकतं माप दिलं. त्यामुळे पहिल्या वाक्यापासून इंग्रजी, आणि मराठी बंद.

मुलगी बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले, कानात आजीच्या असाव्यात अशा कुड्या. तीही योनासच्याच गोत्रातली निघाली. केलेलं सगळं दुसऱ्याच्या पदरात घालत होती. तिची आई एका किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, मदतनीस आहे. तिथे दुपारी मुलांना झोपवतात. पण र्युसेल्सहाइमवरून विमानं जातात, आणि नेमकी मुलं झोपली की वरून घरघर आणि खाली भोकाड. सानिकाने बाजारातून सुटे भाग आणून आवाज मापायचं यंत्र बनवलं, किटाच्या खिडकीत लावलं आणि दीड वर्ष नोंदी केल्या. वाऱ्याची दिशा बदलली की विमानांची वाट बदलते, आणि गावावरून ती कधी जातात तेही. तिने ते सगळं जुळवलं आणि किटाच्या दारावर आवाजाच्या आकड्यांसकट एक तक्ता लावला : वारा पूर्वेचा असेल तर मुलांना साडेबाराला झोपवा, पश्चिमेचा असेल तर सव्वा वाजता. मुलं झोपायला लागली.

“हे तू केलंस?”

“नाही, म्हणजे, किटातल्या बायकांनीच केलं. मी फक्त आकडे लिहिले.”

थरथर आणि आवाज म्हणजे माझं माहेर. मी यंत्राबद्दल खोदून विचारायला सुरुवात केली. ती नीट उत्तरं देत होती. शेवटी मी विचारलं, “तुझं यंत्र बरोबर मापतं हे तू कशावरून ठरवलंस?”

“मोबाइलवर तपासलं.”

“आणि मोबाइल कशावर तपासलास?”

“तो नाही तपासला.”

“तुझ्या मापाला कुणी मापलं?” मी म्हटलं. हे वाक्य मी विभागातल्या प्रत्येक नवशिक्याला ऐकवलेलं आहे. तिचे कान लाल झाले. बरोबर पंचेचाळीस मिनिटं झाल्यावर मी आभार मानले आणि उठले.

दाराबाहेर तिची आई उभी होती. हातात स्टीलचा डबा. “नमस्कार ताई. चकल्या आहेत. भाजणी घरचीच आहे हो.”

“नियमात बसत नाही.”

“अहो, चकली म्हणजे काय लाच का?”

“तशी नाही, पण नको.” डब्याचं झाकण पुरतं लागलं नव्हतं आणि त्या भाजणीचा वास मला गाडीत बसेपर्यंत येत होता. या कामात मी केलेला सर्वांत मोठा त्याग तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत सानिकाची ईमेल आली. शाळा उघडताच ती यंत्र घेऊन भौतिकशास्त्राच्या सरांकडे गेली होती. शाळेतल्या प्रमाणित यंत्राशी पडताळून पाहिलं. तिचं यंत्र सगळीकडे चार डेसिबल जास्त दाखवत होतं. झोपेच्या वेळा त्यामुळे चुकत नव्हत्या, पण तक्त्यावरचे आकडे चुकीचे होते. म्हणून आधी तिने किटाच्या प्रमुख बाईंना फोन करून ते सांगितलं आणि मग मला लिहिलं. खाली एक ओळ : तुम्ही विचारलंत म्हणून कळलं.

मी ती ईमेल योखेनला वाचून दाखवली. त्याने कॉफीचा कप खाली ठेवला. “हिच्यात काहीतरी आहे,” म्हणाला. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माझ्याबद्दल तो हे दोनदा म्हणाला आहे.

मी त्याच दिवशी अहवाल पाठवला. गंभीर, चांगली विद्यार्थिनी. किटातल्या आवाजाच्या नोंदी केल्या. तिच्या मापनात चूक होती. दाखवल्यावर तिने ती सुधारली. तक्रार नाही.

पंधरा दिवसांनी विद्यापीठाने आम्हा मुलाखतकारांची ऑनलाइन शिकवणी ठेवली. अशी शिकवणी अधूनमधून असते आणि मी मागच्या बाकावरच्या पोरासारखी विणत बसते. प्रवेश कार्यालयातली केली नावाची तरुण बाई बोलत होती, हुशार आणि हसरी. ती म्हणाली, “काही मुलाखतकार फार भले असतात. मुलाला वाईट म्हणायचं त्यांच्या जिवावर येतं. पण आम्ही ओळींमधलं वाचायला शिकलोय. हा एक जुना अहवाल बघा. नावं काढली आहेत. या माणसाने ‘नको’ हा शब्द न वापरता आम्हाला ‘नको’ सांगितलंय.”

पडद्यावर आलं : भक्कम मुलगा. एका घड्याळाची देखभाल करतो. तक्रार नाही.

सगळे हसले. मीही हसले, कॅमेरा चालू होता ना. सुया मात्र हातात तशाच राहिल्या.

क्षणभर मला राग आला तो केलीचा. मग अमेरिकेचा. शिष्टच लोक, चांगल्याला चांगलं म्हटलेलं कळत नाही! आणि मग मला माझेच शब्द आठवले. तुझ्या मापाला कुणी मापलं? वीस वर्षं मी पोरांना मापत आले होते. माझं माप घडलं पुण्यातल्या आमच्या घरात. तिथे मी बोर्डात आले तेव्हा वडील म्हणाले होते, “बरं झालं. हात धू, पानं घेतलीत.” मुलांचं तोंडावर कौतुक केलं की ती शेफारतात, ही घरची शिकवण. तिथून आले ती श्वाबिश मुलखात. इथली म्हण आहे, रागावलं नाही म्हणजे भरपूर कौतुक झालं. सासरमाहेर एकाच मापाचं मिळालेली माझ्यासारखी भाग्यवान बाई विरळा. त्यात धंदा असा की सर्वोत्तम वस्तूला ‘तक्रार नाही’ म्हणायचं. आणि हे माप मी एकदाही बाहेर नेऊन दुसऱ्या कुणाच्या मापाशी पडताळलं नव्हतं.

योनासला मी बुडवलं होतं का? एका अहवालाने कुणी बुडत नाही आणि तरत नाही, असं ते सांगतात. पण शंभर जणांच्या रांगेत एखादं वजन इकडचं तिकडे होतंच. आणि सानिकाचा अहवाल तिथे पोहोचला होता. त्यात तिची चूक होती, मी ती दाखवली होती, आणि कौतुकाचा एक शब्द नव्हता. त्या मुलीने कमावलेलं माझ्या कंजूसपणामुळे जाणार होतं.

शिकवणी संपल्यावर मी थांबले. केलीला विचारलं, “मुलगा खरोखर चांगला असेल तर माणसाने काय लिहावं?”

ती म्हणाली, “हे मूल घेतलं नाही तर आमचं काय नुकसान होईल, ते लिहावं.”

“पाठवलेला अहवाल बदलता येतो?”

“बदलता येत नाही. पुरवणी पत्र जोडता येतं. उद्या संध्याकाळपर्यंत आलं तरच.” मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. तो अहवाल कुणाचा, हे तिला त्या क्षणी कळलं असावं. ती काही बोलली नाही, हा तिचा चांगुलपणा.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी न्याहारीनंतर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. विलक्षण, अद्वितीय, तेजस्वी, सगळे शब्द लिहून बघितले. योखेनने खांद्यावरून वाचलं. “कपडे धुवायच्या पावडरीची जाहिरात आहे का?” मी कागद फाडला. दुसरा लिहिला, तोही फाडला. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं माझ्या हातून मोठं होत नव्हतं. डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते मी कांदा चिरायला घेऊन निभावलं.

“आल्झो, असं बघ,” योखेन बटाटे सोलता सोलता म्हणाला, “विभागात नवीन पोरं तुझ्या हाताखाली यायची. त्यातलं कोण पुढे जाणार हे तुला कशावरून कळायचं?”

“चूक दाखवल्यावर काय करतात त्यावरून.”

“मग तेच लिही ना.”

तेच लिहिलं. ते पत्र मला जवळजवळ पाठ आहे. मी लिहिलं : मी एकतीस वर्षं मोटारींचे भाग तपासले आणि माझ्या हाताखाली कितीतरी तरुण इंजिनियर तयार झाले. चूक दाखवली की काही वाद घालत, काही यंत्राला दोष देत, बरेचसे माफी मागून मोकळे होत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः नव्याने मापन करून येणारे, आणि माझ्याकडे येण्याआधी ज्यांना चुकीचे आकडे दिले त्यांना कळवणारे, असे मी आजवर दोनच पाहिले. एक जण आज तो विभाग चालवतो. दुसरी मी. ही मुलगी तिसरी आहे आणि ती सतरा वर्षांची आहे. ती नसेल तर तुमच्या प्रयोगशाळेत चुकीचे आकडे भिंतीवर तसेच राहतील आणि कुणाला कळणारही नाही. शेवटी लिहिलं : मी ज्या मुलखात वाढले आणि ज्या मुलखात राहते, तिथे ‘तक्रार नाही’ याच्यापुढे कौतुक नसतं. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. चूक माझी आहे. माझे जुने अहवाल आता तसे वाचावेत.

योखेनने वाचलं. “दुसरी मी, हे राहू दे?” त्याने विचारलं.

“राहू दे. खरं आहे ते.”

दुपारी तीनच्या आत पत्र गेलं. केलीचं उत्तर दोन ओळींचं आलं : मिळालं, जोडलं. जुनी प्रकरणं मात्र पुन्हा उघडत नाहीत.

मार्चअखेर यादी आली. मी आधी योखेनला बघायला लावली. सानिकाच्या नावापुढे ‘हो’ होतं. वीस वर्षांत मी निकाल बघून खुर्चीतून उठले नव्हते. त्या दिवशी उठले, आणि आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून खाली कुणीतरी ओळखीचं दिसतंय का बघायला लागले, नुसतं सांगायला. माझ्या पत्राने हे झालं असं मी म्हणणार नाही. पोरीने केलं. पण माझ्यामुळे ते अडलं नाही, एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगते.

एप्रिलमध्ये मायलेकी स्टुटगार्टला आल्या. आता नियम संपला होता. आईने डबा पुढे केला, “आता तरी घ्या ताई.” मी त्यांच्यासमोर तीन चकल्या खाल्ल्या.

“मावशी,” सानिका म्हणाली, मराठीतून, अडखळत, “तुम्ही माझ्याबद्दल काय लिहिलं होतं?”

“ते सांगायचं नसतं.”

“मला वाटलं होतं, तुम्हाला मी अजिबात आवडले नाही. परत जाताना मी ट्रेनमध्ये, म्हणजे, रडले.”

आई म्हणाली, “मानहाइमपासून घरापर्यंत हो ताई. मी म्हटलं, अगं, त्या बाई तशाच असतील.”

माझ्या हातातली चकली हातातच राहिली. अहवालाला पुरवणी जोडता येते, पण त्या मुलीचे ते तास माझ्या नावावर राहिले. मी तिला जवळ घेतलं आणि तिथल्या तिथे सांगितलं, तुझ्यासारखी मुलगी मी पाहिली नाही. ती आणखीच रडली. पण ते रडणं बरं होतं. आणि मला वाटलं, हिला निदान कळलं. घड्याळवाल्या पोराला कोण सांगणार?

मुलाखतीतलं मुलाला सांगायचं नाही, हा नियम. वीस वर्षांत तो मी एकदाच मोडला, आणि या लेखामुळे कुणी मला यादीतून काढलं तर काढू देत. योनास एका छोट्या गावात मनोऱ्यांची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात आउसबिल्डुंग करतो, म्हणजे काम करता करता शिकतो, हे त्याच्या शाळेत विचारून कळलं. पुढच्या शुक्रवारी मी बस पकडून त्या गावी गेले. उरलेल्या चकल्यांचा डबा बरोबर घेतला.

तो निळा ॲप्रन घालून एका दातेरी चाकाला कानस मारत होता. खांदे रुंद झाले होते. मला त्याने ओळखलं आणि उभा राहिला. मी सगळं सांगून टाकलं. काय लिहिलं, ते कसं वाचलं गेलं, आणि ते पडद्यावर लावून लोक कसे हसले. दुसऱ्या कुणी माझ्यावर कानस फेकली असती.

योनासने चिंधीला हात पुसले. “तुम्ही माझ्याबद्दल असं लिहिलंत? भक्कम, तक्रार नाही?”

“हो.”

“खरंच?” त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. “आमच्या आजोबांनी पण मला एवढं कधी म्हटलं नाही.”

मला तिथेच थांबता आलं असतं. जगात एका माणसाला तरी माझा शेरा जसा लिहिला तसा कळला होता. पण सवय मोडायला आले होते तर पुरती मोडायची. मी म्हटलं, “नाही योनास, ते कमी होतं. तुझ्या वहीसारखी वही मी पन्नाशीच्या शास्त्रज्ञांकडे पाहिलेली नाही. कुणी सांगितलं नसताना तू चार वर्षं दर शनिवारी तो मनोरा चढलास. तुला घेतलं नाही यात त्यांचं नुकसान झालं, आणि ते मी त्यांना सांगायला हवं होतं. माझं चुकलं.”

तो मानेपर्यंत लाल झाला. “पुरे, बाई, पुरे,” म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. तिकडे बघतच त्याने सांगितलं की पुढच्या वर्षी शिकणं संपलं की तो भौतिकशास्त्राला अर्ज करणार आहे, इथेच, स्टुटगार्टला. मुलाखत वगैरे काही नसते तिथे. मी म्हटलं, “नसते तेच बरं.”

मग मी डबा उघडला. त्याने एक चकली उचलून चाकाकडे बघतो तशी उजेडात फिरवून बघितली, तोडली, खाल्ली. दुसरी घेतली. तिसरी घेतली.

“वाईट नाही,” तो म्हणाला.

परतीच्या बसमधून मी सानिकाच्या आईला फोन लावला. त्यांनी पहिलं हेच विचारलं, “अहो ताई, त्या मुलाला आवडल्या का आपल्या चकल्या?”

“तो म्हणाला,” मी सांगितलं, “की इतकी सुंदर गोष्ट त्याने जन्मात खाल्ली नाही.”

हा अहवाल शब्दशः नसेल, पण तो अचूक आहे. त्याखाली सही करायला मी आजही तयार आहे.